दर्याच्या बांगड्या

ज्या वर्षी मी छायाचित्रकलेच्या क्षेत्रात पदार्पण केले, त्या वर्षी आमच्या चौलच्या वाडीत सुपारीचे पीक उत्तम आले होते. वडिलांनी मला मोकळे सोडले ते त्याच कारणाने, असे माझे मत आहे. पीक वाईट असते तर रहाटाच्या बैलामागे माझी नेमणूक ठरलेलीच होती. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत पूर्ण झाले असून सातवीच्या परीक्षेत गणित या विषयाने माझा घात केला. तथापि वाचनाची गोडी मला होती, आणि ज्या मनुष्यास वाचनाची गोडी लागते त्याचे मन रहाटाच्या कुरकुरीत रमत नाही. वडिलांनी हे ओळखले होते. ते एवढेच म्हणाले, "दयाराम, दिवाळीपर्यंत काय ते दाखव. न्हाय तर बैल हाय नि तू हायस."

अलिबागेस बाजारपेठेत रावजी मास्तर यांचा स्टुडिओ होता. मास्तर मूळचे घाटावरचे. दम्यासाठी हवापालट करावा म्हणून ते समुद्रकाठी आले, हवा पालटली, दमा राहिला, आणि मास्तरही राहिले. एका खोलीत त्यांनी राजवाड्याच्या जिन्याचा रंगविलेला पडदा लावला होता व त्यावर हंसांची एक जोडी होती. पडद्याच्या पलीकडे मास्तरांचा स्टोव्ह असे. त्यामुळे गिऱ्हाईक राजवाड्यापुढे बसले की हंसांच्या बाजूने कांद्याच्या फोडणीचा वास येई. मास्तरांना चालण्याचा त्रास होत असल्याने गावोगावची कामे हातची जात होती. ती आणण्यासाठी त्यांनी मला ठेवून घेतले आणि आपला जुना कॅमेरा माझ्या स्वाधीन केला.

तो कॅमेरा सागवानी लाकडाचा होता. त्याला पितळी भिंग, कातड्याचा भाता, तीन पायांची घोडी आणि डोक्यावर घेण्याचे काळे कापड होते. मास्तरांचे त्याच्यावर अपत्यवत् प्रेम होते. तो देताना ते म्हणाले, "दयाराम, हा हरवला किंवा मोडला तर मला तोंड दाखवू नकोस. परस्पर चौलास जा."

याप्रमाणे माझ्या प्रवासास प्रारंभ झाला. एस.टी.च्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी कॅमेरा बांधून मी रेवदंड्यापासून थेट माणगावापर्यंत फिरलो. त्या काळी कूळकायद्याची चर्चा घराघरांत चालू होती. माणगावच्या अलीकडील एका गावी मी शेताच्या बांधावर घोडी उभी केली मात्र, सारा गाव मला सरकारी मोजणीदार समजून गोळा झाला. एका वृद्ध गृहस्थाने मला बाजूला नेऊन ताक पाजले, आणि तेवढ्या अवधीत त्याच्या मुलाने हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या रानात बराच आत सरकविला. मी फोटो काढणारा आहे हे कळल्यावर तोच दगड मलाच परत आणावयास लावण्यात आला.

त्याच गावी येसाजी नामक शेतकऱ्याने आपल्या बैलाचा फोटो काढण्याचे काम मला दिले. बैल देखणा होता. परंतु आमच्या कॅमेऱ्यास थोडा वेळ स्थिरता लागत असे, आणि बैलास माशांचा उपद्रव होता. फोटो छापून आला तेव्हा बैल जसाच्या तसा उमटला होता, केवळ सतत हलत राहिल्यामुळे त्याचे शेपूट अदृश्य झाले होते. येसाजीने फोटो उलटसुलट करून पाहिला. नंतर गोठ्यात जाऊन बैलही पाहून आला. मग फोटो माझ्या हाती देऊन तो म्हणाला, की असला बैल बाजारात कुणी फुकट नेणार नाही, मग मी तो भिंतीवर कशाला लावू.

मी खिन्न होऊन अलिबागेस परतलो. मास्तर मात्र हसले. त्यांनी बारीक कुंचला घेतला, शाई पातळ केली, आणि बैलास असे काही शेपूट काढून दिले की प्रत्यक्ष बैलालाही हेवा वाटावा. येसाजीने ते पाहताच फोटो डोक्याला लावला. मास्तर मला म्हणाले, "भिंग हे यंत्र आहे, दयाराम. त्याचे जे राहून जाते ते आपण भरून काढायचे. गिऱ्हाइकाने मागायची वाट बघायची नाही."

हे वाक्य मी हृदयात कोरून ठेवले. यानंतर मी कोणाच्या विरळ मिशा दाट केल्या, कोणाचे तुटलेले बटण लावून दिले, एका कारकुनाच्या कोऱ्या मनगटावर घड्याळही बांधले. सर्वांनी माझी प्रशंसा केली. जे नाही ते पाहण्याची आणि ते तत्काळ भरून काढण्याची सवय माझ्या अंगी बाणली. थळ येथील प्रसंग घडला तो या सवयीमुळे.

थळ हे अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. तेथील बुधाजी नाखवा यांची होडी गावात सर्वांत मोठी. नारळी पौर्णिमेला घरातल्या व शेजारच्या बायकांचा एकत्र फोटो काढावा, असे त्यांच्या पत्नी जनीबाई यांच्या मनात आले, आणि जनीबाईंच्या मनात आलेले त्या घरात होत असे. मी गेलो तेव्हा दहा-बारा सुवासिनी नवी लुगडी नेसून, वेण्या माळून वाळूवर बसल्या होत्या. नाखव्यांच्या मातोश्री ठमाबाई मागे उभ्या राहून कोणाचा पदर नीट, कोणाचा नाही, हे सांगत होत्या. हात गुडघ्यांवर ठेवून दिसते ठेवा, कारण अंगठ्या दिसल्या पाहिजेत, असा जनीबाईंचा हुकूम होता. मी काळ्या कापडात शिरलो की त्या हसत, आणि बाहेर आलो की गप्प होत. अखेर ठमाबाईंनी एक शिवी हासडली, त्या सर्व क्षणभर स्तब्ध झाल्या, आणि तो क्षण मी साधला.

अलिबागेस येऊन फोटो मोठ्या आकारात छापला. चेहरे उत्कृष्ट आले होते. परंतु मला एक उणीव आढळली. प्रत्येक स्त्रीचा डावा हात काचेच्या बांगड्यांनी भरलेला होता आणि उजव्या हातात काच मुळीच नव्हती. एखादीच्या हाती चांदीचे कडे होते, इतकेच. मी पुष्कळ विचार केला. एकीचा हात रिकामा असता तर बांगड्या फुटल्या असे म्हणता आले असते. सर्वांचा उजवा हातच रिकामा, याचा अर्थ मी असा लावला की दोन्ही हात भरण्याइतक्या बांगड्या त्या बिचाऱ्यांना परवडत नसाव्यात, म्हणून त्यांनी निदान एक हात भरला असावा. माझे अंतःकरण द्रवले. परस्त्रीच्या मनगटाविषयी तिच्या घरी जाऊन चौकशी करणे मला प्रशस्त वाटले नाही. मास्तर घाटावरचे असल्याने त्यांनाही यात वावगे काही दिसले नाही. ते म्हणाले, की हात भरलेले शोभतील.

मी कित्येक दुपारी खपलो. सर्व स्त्रियांचे उजवे हात मी बांगड्यांनी भरले. एकेका बांगडीस चकाकीचा ठिपका दिला, आणि शेवटी दोन्ही हातांच्या बांगड्यांना हिरवा रंग भरला. जनीबाई घरच्या धनीण, म्हणून त्यांच्या हाती चार अधिक घातल्या. इतके सुंदर काम मी पूर्वी केले नव्हते, आणि पुढेही मला ते साधले नाही.

मी फोटो घेऊन थळला पोहोचलो त्या दिवशी होड्या सुटण्याच्या तयारीत होत्या. पौर्णिमेनंतर वारा बसला नव्हता, म्हणून सर्व खलाशी किनाऱ्यालाच अडकून पडले होते. आता वारा बसला होता, जाळी चढली होती, आणि भरतीला निघायचे ठरले होते. ते पाठवणीचे वातावरण पाहून मी शुभमुहूर्तावर आलो असे मला वाटले. ओटीवर फोटो ठेवला तसे सारे घर लोटले. ज्याने त्याने आपली माणसे ओळखली. मोरू नावाचा एक खलाशी होता, त्याची जीभ फार तिखट. तो म्हणाला, की त्याची बायको इतकी गप्प बसलेली त्याने प्रथमच पाहिली, म्हणून हा फोटो त्याच्याच घरी लागावा.

मग जनीबाई पुढे झाल्या. त्यांनी आपला चेहरा पाहिला, समाधान पावल्या, आणि दृष्टी खाली नेली. त्यांचे हसू मावळले.

"यो उजवा हात कुनाचा?" त्यांनी विचारले.

मी विनयपूर्वक सांगितले की आपलाच, आणि उणीव मी माझ्या पदरची भरून काढली आहे.

 ठमाबाईंनी फोटो उचलून डोळ्यांशी नेला आणि प्रत्येक उजव्या मनगटावरून बोट फिरविले. नंतर त्या मला म्हणाल्या, "बाला, लग्नात आमी उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देताव. त्यानं आमचा दादला राखायचा, म्हनून देताव. त्या दर्याच्या हायत. तू कुनाला विचारून मांगं आनल्यास?"

 कोळ्यांच्या लग्नातील हा विधी अलिबागेपासून हाकेच्या अंतरावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला, आणि मला त्याची वार्ताही नव्हती. मोरू हळूच म्हणाला, "आमी किनाऱ्यावर असताना मांगं आनल्यास ते बरं केलंस. चार घटकांनी आला असतास तर आमी तिकडं मधी, नि दर्या हिशोब मागतोय."

ही गोष्ट होड्यांपर्यंत पोहोचण्यास विलंब लागला नाही. खलाशी एकेक करून पाण्यातून चालत परत आले. कोणी रागावले नाही, कोणी ओरडले नाही. ते फक्त किनाऱ्यावर येऊन बसले आणि विड्या ओढू लागले. इतर होड्यांवरच्या खलाशांच्या बायकाही फोटोत असल्याने त्याही होड्या थांबल्या. भरती आली आणि ओसरू लागली. बुधाजी नाखवा शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी माझा कॅमेरा घोडीसह उचलला, माजघरात नेऊन ठेवला, दाराला कडी घातली, आणि बाहेर येऊन म्हणाले, "हे निस्तर. मंग तुजं यंत्र तुला."

माझ्या डोळ्यांपुढे मास्तर उभे राहिले, आणि त्यांच्या मागे रहाटाचा बैल.

मी तत्काळ उपाय योजला. खिशातील चाकूने मी चितारलेल्या सर्व बांगड्या खरवडून टाकल्या. उजवी मनगटे चुना लावल्यासारखी पांढरी झाली, परंतु बांगड्या गेल्या. मी फोटो ठमाबाईंपुढे धरला. त्यांनी तो पाहिला नाही. त्या ओटीवर पडलेला हिरवट भुगा पाहत होत्या. "मंग त्या हितं सांडल्या की," त्या म्हणाल्या. "त्या दर्यात कुटं गेल्या?" त्यानंतर त्या ओटीवर कोणी झाडू लावू दिला नाही, आणि घरातील येणे-जाणे मागील दाराने सुरू झाले.

आता विचारविनिमय झाला. आधी फोटो व मग कागदावर गोळा केलेला भुगा समुद्रास अर्पण करावा, असे ठरले.  मी कमरेइतक्या पाण्यात जाऊन माझ्या कलेचा तो उत्कृष्ट नमुना दोन्ही हातांनी लाटांच्या स्वाधीन केला आणि हात जोडले. सर्वजण किनाऱ्यावर उभे होते. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला असल्याने तो बुडाला नाही. तो काही काळ डुलत राहिला, एका लाटेवर बसला, आणि सरळ येऊन जनीबाईंच्या पायांशी लागला. तोंड वर होते. सर्व स्त्रिया जशाच्या तशा, जरा ओल्या, आपल्याकडेच पाहत होत्या.

"न्हाय घेत," मोरू म्हणाला. "दर्याला पन फोटू पसंत न्हाय."

यावर पुष्कळ वाद झाला. दर्याला कागद काय कामाचा, त्याला काच पाहिजे, असे एकाचे म्हणणे पडले व ते सर्वांस पटले. मी बांगड्या विकत आणून देतो असे म्हणालो. त्यावर जनीबाईंनी शंका काढली, की जी बांगडी हातात चढलीच नाही ती अर्पण कशी होईल? दुकानातून उचलून फेकलेली काच म्हणजे काचच. ती हातात भरून मग उतरविली पाहिजे. परंतु आपल्यापैकी कोणीही उजव्या हातात काच भरणार नाही, कारण तो हात दिलेला आहे.

मग कोणाच्या हातात, असा प्रश्न उरला. सर्वजण माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हणालो, की मी पुरुष आहे. ठमाबाई म्हणाल्या, की ते दिसते आहे, पण आणल्या कुणी?

मोरूला माझ्याबरोबर पहारेकरी म्हणून धाडण्यात आले. अलिबागच्या बाजारात हरेश्वर कासार आमच्या स्टुडिओच्या अगदी समोर बसत असे, ही माझ्या नशिबातील योजना होती. हिरव्या बांगड्या हव्यात, असे मी हलक्या आवाजात सांगितले. कासाराने आनंदित होऊन विचारले की लग्न ठरले काय, आणि वधूच्या हाताचे माप आणले आहे काय. मी काही बोलण्यापूर्वीच मोरूने माझा उजवा हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला. "ह्योच हात," तो म्हणाला. "कोपरापतूर भर."

कासार आपल्या कलेत निष्णात होता. त्याने माझी बोटे एकत्र दाबली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत एकामागून एक बांगड्या चढविल्या. पेठेतील माणसे जमली. काही फुटल्या, त्या वेगळ्या पुडीत बांधून घेण्याचा मोरूने आग्रह धरला, कारण त्याही हाताला लागलेल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या दारात रावजी मास्तर आले. त्यांनी माझा कोपरापर्यंत हिरवा हात पाहिला. त्यांचा दमा उसळला, म्हणून काही वेळ त्यांना बोलता आले नाही. बोलता आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कॅमेरा कुठे आहे?"

मी सांगितले की थळला आहे आणि अगदी सुखरूप आहे. असे सांगताना मी हात हलविला, आणि सर्व बांगड्या किणकिणल्या. मास्तर आत निघून गेले.

सदऱ्याची बाही बांगड्यांवरून उतरत नव्हती, म्हणून त्याच अवस्थेत आम्ही समुद्राच्या काठाने थळास परतलो. मोरूने वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकास थांबवून माझा परिचय करून दिला.

संध्याकाळच्या भरतीस मी पुन्हा पाण्यात उतरलो. ठमाबाईंनी मला पूर्वेस तोंड करून उभे केले, पुन्हा फिरवून पश्चिमेस केले, आणि वधूला सांगतात ते सर्व सांगितले. त्यातील काही उपदेश मला लागू नव्हता, तरी मी मान डोलावली. बांगड्या चढविणाऱ्यापेक्षा उतरविणारा कठीण असतो हे तेव्हा कळले. जनीबाईंनी माझा हात खोबरेल तेलाने माखला, दोघींनी मला मागून धरले, आणि त्या ओढू लागल्या. एकेक बांगडी सुटली की ती मी पाण्यात सोडीत असे. किनाऱ्यावर कोणीतरी लग्नातले गाणे धरले, आणि पाहता पाहता सर्व बायकांनी ते उचलले. शेवटी मी फुटक्या बांगड्यांची पुडी आणि ओटीवरचा भुगाही अर्पण केला.

मोरू ओहोटी लागेपर्यंत वाळूवर बसून राहिला. काहीही परत आले नाही.

माझ्या मते प्रकरण येथे संपले होते. मी नाखव्यांपुढे जाऊन नम्रपणे कॅमेरा मागितला. नाखव्यांनी विडी शिलगावली. ते म्हणाले, "दर्यानं घेतलं, ते मी बगितलं. पन माजी मानसं अजून उठली न्हायत. तुजं कायतरी आमच्यासंगं असलं तर उठतील."

प्रथम मलाच नेण्याचे ठरले. मी होडीवर चढलो. होडी नांगरलेली होती, समुद्र शांत होता, आणि तरीही माझी जी स्थिती झाली ती वर्णन करण्याजोगी नाही. मोरूने मला काखेत धरून पुन्हा उथळ पाण्यात उतरविले आणि नाखव्यांना सांगितले, की हा आपल्या आधी मरेल, मग त्याचा काय उपयोग. तेव्हा नाखवा घरात गेले, माजघराची कडी काढली, आणि कॅमेरा खांद्यावर घेऊन बाहेर आले.

मी त्यांच्या पायांशी बसलो. मी सांगितले की तो माझा नाही, मास्तरांचा आहे, त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही, तो गेला तर माझे आयुष्य संपले. नाखव्यांनी सर्व शांतपणे ऐकले.

"मंग तर ह्योच पायजे," ते म्हणाले.

खलाशी उठले. पहाटेच्या भरतीला होड्या सुटल्या, आणि शिडे खांदेरीच्या बेटापलीकडे लहान होत होत दिसेनाशी झाली. सर्वांत पुढच्या होडीत, जाळ्याच्या राशीवर, काळ्या कापडात गुंडाळलेला माझा कॅमेरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत येणार, असे त्यांनी सांगितले होते. अलिबागेस मास्तरांपुढे जाणे शक्य नव्हते, चौलास जाणे इष्ट नव्हते, म्हणून मी थळलाच राहिलो. दुसरा दिवस उजाडला तो ढगाळ. वारा उलटा फिरला होता. मी किनाऱ्यावर फेऱ्या मारू लागलो. जनीबाई व इतर बायका ओटीवर जुने सुकट निवडीत बसल्या होत्या आणि समुद्राकडे मुळीच पाहत नव्हत्या. मला त्यांच्या निश्चिंतपणाचे आश्चर्य वाटले व किंचित रागही आला. दुपार झाली. इतर होड्या आल्या. नाखव्यांची होडी आली नाही. मी आलेल्या खलाशांना विचारू लागलो. ते म्हणाले, खांदेरीपाशी दिसली होती, पण अचानक उलट दिशेला वळली, का ते कळले नाही.

 मी वाळूवर मटकन बसलो. तेव्हा जनीबाईंनी मला हाक मारून वर बोलाविले आणि माझ्यापुढे सुकटाचे सूप सरकविले.

"निवड," त्या म्हणाल्या. "बगत बसलं म्हनून लवकर येत न्हायत."

मी निवडू लागलो. निम्मे सुकट सुपाबाहेर सांडले. मोरूची बायको माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, की तिच्या लग्नानंतर पहिल्या खेपेला तिने असेच सुकट जमिनीवर सांडले होते. यावर दुसरी म्हणाली, की आपण तर जेवलेही नव्हतो. मग जनीबाईंनी मान वर न करता विचारले, "बांगड्या दिल्यास. तुजा पन दादला दर्यावर हाय. मंग रडतोस कशाला? आमी रडताव काय?"

त्या सर्वजणी खूप हसल्या. मीही हसलो. परंतु हसता हसता माझ्या ध्यानात आले, की मी येथे आल्यापासून जनीबाईंच्या सुपातील सुकट तेच ते आहे. त्या एकदा निवडलेले पुन्हा सुपात घेत होत्या आणि पुन्हा निवडीत होत्या.  मीही माझे सूप पुन्हा भरून घेतले.

दिवेलागणीच्या सुमारास ठमाबाई दारातून म्हणाल्या, "आली." त्यांना ते कसे समजले हे मला सांगता येणार नाही, कारण समुद्रावर काही दिसत नव्हते. काही वेळाने शीड दिसले. तेव्हा मात्र सर्व सुपे ओटीवर तशीच राहिली. मी बायकांबरोबर धावलो आणि पोहता येत नसताना छातीइतक्या पाण्यात गेलो. जी ती आपले माणूस शोधत होती. मोरू होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर उभा होता, उघडाबंब, कारण त्याचा सदरा आणि घोंगडी दोन्ही कॅमेऱ्यावर गुंडाळलेली होती.

विलंबाचे कारण नाखव्यांनी जेवताना सांगितले, आणि मोरू त्या वेळी बाहेर निघून गेला. परतीच्या वाटेवर कंटाळा आला म्हणून मोरूने घोडी उघडून कॅमेरा उभा केला व काळ्या कापडात डोके घातले. कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटे पडते, हे त्याला कोण सांगणार? त्याने काचेत लांबची दुसरी होडी पाहिली, तळ वर आणि शीड खाली. तो कापडातूनच ओरडला की उलटली. कोणी खात्री करण्यास थांबले नाही. सर्वांनी जीव तोडून होडी फिरविली आणि उलट्या वाऱ्यात तिकडे नेली. तेथे पोहोचले तेव्हा ती माणसे निवांत भाकरी खात बसली होती. त्यांनी यांना विचारले, की काय हवे आहे.

जनीबाईंनी हे ऐकून घेतले. नंतर त्यांनी कॅमेरा उचलून आणला, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "घे तुजा दादला. न्हाऊ घाल त्याला."

ती सूचना योग्य होती. भात्यात मीठ होते, पितळ हिरवट पडले होते, आणि काळ्या कापडाखाली बहुधा पापलेटांची टोपली झाकण्यात आली असावी. मी रात्रभर तो पुसला आणि सकाळी अलिबागेस जाऊन मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी भिंग पाहिले, भाता उघडून पाहिला, घोडीचे तिन्ही पाय तपासले. मोडतोड काहीच नव्हती. मग त्यांनी काळे कापड नाकाशी नेले, आणि त्यांचा दमा पुन्हा उसळला.

त्यांनी ते कापड सोड्यात उकळले, उन्हात टाकले, उदाची धुरी दिली. पुढच्या आठवड्यात अलिबागेतील एका जोशीबुवांच्या घरी मुंजीचा फोटो काढताना ते कापड झटकले, तेव्हा बटूच्या मातुःश्री तोंडाला पदर लावून आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. कॅमेरा त्या कापडावाचून चालत नसे आणि कापडाचा वास जात नसे. मास्तर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलाविले. ते म्हणाले, की आपण गावातल्या कामासाठी दुसरा कॅमेरा घेणार, आणि हा आता तुझा. रेवसपासून रेवदंड्यापर्यंत जेवढे कोळीवाडे असतील तेवढे तू सांभाळ, कारण तिथे याला कोणी नावे ठेवणार नाही.

मी तो खांद्यावर घेतला आणि त्याच दुपारी थळची वाट धरली. जनीबाईंचा फोटो, उजवा हात रिकामाच ठेवून, पुन्हा काढावयाचा राहिला होता.